रबिंगने लॅकर परत येत नाही

जुन्या पिकअपच्या बॉनेटवर किंवा टपावर रंगाचे पोपडे सुटायला लागले की मालकाला न मागता सल्ले मिळू लागतात. एक जण म्हणतो, रबिंग मारून घ्या, पुन्हा चकाकेल. दुसरा म्हणतो, सिरॅमिक कोटिंग करा, सगळं सील होऊन जाईल. तिसरा म्हणतो, वेळच्या वेळी धुतली-पुसली असती तर ही वेळ आली नसती. चौथ्याचं म्हणणं असतं की माल ओढायची गाडी आहे, तिच्या रंगाकडे काय बघता? फारच वाटलं तर पासिंगच्या आधी वरून एक हात मारून घ्या. हे चारही सल्ले इतके रुळलेत की गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत कुणी त्यांवर प्रश्न विचारत नाही. मला ते चारही चुकीचे वाटतात. पहिल्या दोघांत मालकाचा पैसा जातो, तिसऱ्यात त्याच्या माथी नसलेला दोष येतो आणि चौथ्याने पुढच्या वेळचं काम दुपटीने वाढतं.

आधी नेमकं काय सुटतंय ते पाहू. कारखान्यातून येणाऱ्या मेटॅलिक रंगाच्या गाडीवर एकच रंग नसतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग सगळी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला प्रायमर चढवतात. गंजापासून पत्र्याला वाचवायचं मुख्य काम तो करतो आणि त्याची जाडी साधारण २० मायक्रॉन असते. त्यावर सरफेसर, त्यावर रंगाचा बेस आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. गॅरेजमध्ये या क्लिअरलाच सगळे लॅकर म्हणतात. बेस अगदी पातळ असतो, साधारण १५ ते २० मायक्रॉन. लॅकर ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्या थरावर गाडीची सगळी चमक आणि बेसचं संरक्षण अवलंबून आहे तो केसाहूनही पातळ आहे. बेसमध्ये रंग असतो, ॲल्युमिनियमची चमकदार कणी असते, पण उन्हापावसाला उघडं तोंड देण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. उन्हाचा मारा झेलायचं काम एकट्या लॅकरचं. त्यासाठी त्यात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि वर्षानुवर्षं ऊन खाऊन ती संपत जातात.

ती संपली की लॅकर आतून ठिसूळ होतो. आधी त्यावर धुरकट पांढुरकी झाक येते, मग डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. चिरांतून पाणी बेसपर्यंत जातं, बेस आणि लॅकर यांची पकड सुटते आणि एखाद्या कडेपासून पोपडा उचलला जातो. दहा-बारा वर्षं उन्हात उभी राहिलेली रुपेरी पिकअप जवळून पाहा. बॉनेटच्या मधोमध बशीएवढे डाग असतात. डागाच्या कडेला लॅकरची पांढरी, किंचित वर उचललेली किनार असते आणि तिच्याखाली नख सहज शिरतं. डागाच्या आतल्या भागावर बोट फिरवलं तर करडी पूड बोटाला लागते. तो बेस आहे, उघडा पडून झिजत चाललेला. शेजारी, वरून धड दिसणाऱ्या भागावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. पट्टीबरोबर लॅकरचा पारदर्शक तुकडा निघून आला तर समजा, तिथली पकडही कधीच गेलेली आहे. फक्त ती अजून दिसत नव्हती.

आता रबिंगकडे वळू. हा सल्ला मुळात खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो इतका पक्का बसला आहे. १९२० च्या दशकात ड्युपाँ कंपनीने आणलेला ड्युको रंग, पुढे आलेले इनॅमल, ट्रकवर वर्षानुवर्षं मारले गेलेले साधे रंग, या सगळ्यांत रंग आणि चमक एकाच थरात असायची. अशा रंगावर ऊन पडलं की वरचा बारीक पापुद्रा मरतो आणि खडूसारखा पांढरा होतो. रबिंग मारलं की मेलेला भाग निघून जातो आणि खालचा ताजा रंग वर येतो. त्या काळच्या पेंटरने आणि मालकाने हा चमत्कार हजार वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. आजही माल वाहणाऱ्या पांढऱ्या पिकअप आणि ट्रक बरेचदा एकथरी रंगातच येतात आणि त्यांवर रबिंग खरोखर काम करतं. पण तोच सल्ला उचलून दोन थरांच्या मेटॅलिक गाडीवर चालवणं म्हणजे एका रोगाचं औषध दुसऱ्या रोगावर देणं.

गाडी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणं सोपं आहे, त्यासाठी कुणाला पैसे मोजायला नकोत. एक स्वच्छ पांढरं फडकं आणि चिमूटभर रबिंग कंपाउंड घ्या आणि पोपडे नसलेल्या एखाद्या आडोशाच्या जागी चोळा. गाडी रंगीत असेल आणि फडक्यावर गाडीचाच रंग उतरला तर रंग एकथरी आहे. फडकं फार तर मळलं पण रंग उतरला नाही तर वर लॅकर आहे. गाडी पांढरी असेल तर फडकं गडद रंगाचं घ्या. रबिंग मारून देऊ म्हणणाऱ्या माणसाला आधी एवढं करून दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर त्याला गाडीचं भलं नको आहे, दिवसाचं काम हवं आहे.

लॅकरच्या गाडीवर रबिंग मारलं तर काय होतं? जिथे लॅकर उडालेलाच आहे तिथे मशिन थेट बेसवर चालतं. त्या १५-२० मायक्रॉनच्या थराला घासायला फारसा वेळ लागत नाही आणि खालचा करडा प्रायमर दिसायला लागतो. जिथे लॅकर शिल्लक आहे पण मरत चाललाय, तिथे प्रत्येक जोरदार रबिंगमध्ये काही मायक्रॉन आणखी जातात. ऊन अडवणारी द्रव्यं थोडीफार उरलेली असतात ती याच थरात, म्हणजे उरलंसुरलं छत्र आपण आपल्या हातानेच विरळ करतो. आणि सगळ्यात वाईट हाल पोपड्याच्या कडेला होतात. फिरत्या पॅडची धार उचललेल्या किनारीत अडकते आणि सुटलेला भाग झपाट्याने वाढतो. सकाळी बशीएवढा असलेला डाग संध्याकाळी ताटाएवढा होऊन घरी येतो, आणि मालकाला सांगितलं जातं की लॅकर आधीच कच्चा होता. कच्चा होता हे खरं. मग त्यावर मशिन चालवलंच का?

यावर एक उत्तर नेहमी येतं: आमच्याकडे रबिंगनंतर गाडी चमकली, फोटो दाखवतो. फोटो खरा असतो, त्यात वाद नाही. झिजलेल्या, खडबडीत बेसवर मेण, तेल, सिलिकॉनचं पॉलिश, अगदी नुसतं पाणी जरी पडलं तरी तो गडद आणि चमकदार दिसतो, कारण पृष्ठभागावरचे बारीक खड्डे भरले जातात आणि प्रकाश विखुरत नाही. वॉशिंग सेंटरवर गाडी ओली असताना डाग दिसत नाहीत आणि अर्ध्या तासाने ती सुकली की पुन्हा पांढरी पडते, हा अनुभव मालकांना असतोच. पॉलिशची चमकही याच जातीची, फक्त थोडी जास्त टिकणारी. पहिल्या दोन-चार पावसांत ती धुऊन जाते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच ती दुपारच्या उन्हात, कोरडी आणि फडक्याने पुसून पाहिली पाहिजे. विकायच्या आधी अंगावर तेलाचा हात फिरवलेली पिकअप संध्याकाळच्या उजेडात नवी वाटते.

तेलावरून डिझेलच्या फडक्याचं बोललं पाहिजे. बॉडीवर डिझेल किंवा रॉकेल पुसायची सवय चालकांत जुनी आहे. क्षणभर झळाळी येते, मग त्यावर रस्त्याची धूळ बसून चिखल होतो. हे नुकसान वरवरचं. खरं नुकसान नंतर कळतं, गाडी रंगवायला नेल्यावर. चिरांमध्ये आणि पोपड्यांच्या कडेखाली शिरलेलं तेल, किंवा टायर-डॅशबोर्ड चमकवणाऱ्या पॉलिशमधलं सिलिकॉन, नुसत्या थिनरच्या फडक्याने निघत नाही. नवा रंग त्या जागी बसायला नकार देतो आणि ओल्या रंगात गोल गोल खळगे पडतात. पेंटर त्याला डोळे पडले म्हणतात. मग तो भाग पुन्हा घासायचा आणि पुन्हा मारायचा. म्हणजे फुकटातल्या चमकीची किंमत वर्षभराने बिलात येऊन बसते.

सिरॅमिक कोटिंगचा सल्ला याहून महाग आहे आणि तो देणारे अधिक आत्मविश्वासाने बोलतात. कोटिंग ही वाईट वस्तू नाही. धड, घट्ट धरलेल्या लॅकरवर ती मळ आणि पक्ष्यांची विष्ठा फार काळ चिकटू देत नाही, पाणी ओघळून जातं आणि धुणं सोपं होतं. पण तिचा थर लॅकरच्या तुलनेत नगण्य असतो आणि ती ज्या पृष्ठभागाला चिकटते तो टिकला तरच ती टिकते. खालचा लॅकर बेसपासून सुटत असेल तर कोटिंग त्याच्यासकट सुटेल. सुटलेली पकड कोणतीही बाटली वरून ओतून पुन्हा जोडता येत नाही, कारण तुटलेली जागा खाली आहे आणि बाटली वर. विनाइलच्या रॅपलाही हाच नियम लागू आहे. पोपड्यावर रॅप चिकटवला तर कडांचे उंचवटे त्यातून दिसत राहतात, आणि एक दिवस रॅप काढायची वेळ आली की तो उरलेला लॅकर उपटून घेऊनच निघतो. हे माहीत असूनही कोटिंग किंवा रॅप विकणारा माणूस गिऱ्हाइकाला फसवतो आहे. त्यासाठी याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

तिसरा सल्ला ऐकला की मला राग येतो, कारण त्यात सल्ला कमी आणि टोमणा जास्त असतो. गाडीची निगा राखली नाही म्हणून लॅकर गेला, हे विधान अर्धं खरं आहे. झाडाखाली महिनोन्‌महिने उभी राहिलेली, पक्ष्यांची विष्ठा तशीच वाळू दिलेली गाडी लवकर खराब होते हे मान्य. पण लॅकर मरतो तो प्रामुख्याने उन्हाने, आणि तो मरायला किती वर्षं लागतील हे बहुतांशी कारखान्यातल्या रंगाच्या प्रतीवर आणि जाडीवर ठरतं. हे रंगवाल्यांना आणि गाडीवाल्यांना कधीच ठाऊक आहे. म्हणून तर नव्या रंगाचे नमुने पत्र्यावर मारून अमेरिकेतल्या दक्षिण फ्लोरिडात आणि ॲरिझोनात वर्षानुवर्षं उघड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून ठेवले जातात. एके ठिकाणी दमट उष्मा, दुसऱ्या ठिकाणी कोरडं, जाळणारं ऊन. आपल्याकडे रत्नागिरी आणि चंद्रपूर असे दोन टोकांचे उन्हाळे आहेत, आणि पिकअप तर मार्केट यार्डात, बांधाच्या कडेला, ढाब्यासमोर दिवसभर उघड्यावरच उभी असते. तिला सावली द्यायची सोय मालकाकडे नसते, आणि नसली म्हणून तो निष्काळजी ठरत नाही.

दोष मालकाचा नसून थरांच्या हिशेबाचा असू शकतो याचा सगळ्यात मोठा दाखला पिकअपच्याच इतिहासात आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेत बनलेल्या फोर्डच्या एफ मालिकेतल्या पिकअपचा रंग मोठ्या प्रमाणावर सोलून निघू लागला. मालक न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की कंपनीने विजेने चढवलेल्या प्रायमरवर सरफेसरचा थर न देता थेट रंग मारला. अतिनील किरण रंगातून आरपार जाऊन खालच्या प्रायमरपर्यंत पोहोचले, तो भुसभुशीत झाला आणि वरचा रंग सुटला. देशभरचे दावे लुईझियानातल्या फेडरल न्यायालयात एकत्र झाले. १९९८ मध्ये न्यायालयाने त्यांना सामूहिक दावा म्हणून चालवायला नकार दिला, त्यामुळे मालकांच्या हाती एकत्रित न्याय आला नाही. तिथे सुटला तो लॅकर नव्हता, लॅकरसकट रंगच प्रायमरपासून सुटला होता, हा फरक मी लपवत नाही. पण मुद्दा तोच राहतो: रोज गाडी धुणारा मालक आणि महिन्याने धुणारा मालक, दोघांच्याही गाड्यांचा रंग त्या काळात गेला. पुढे होंडाने अमेरिकेत २००६ नंतरच्या काही सिव्हिक गाड्यांच्या रंगाची हमी वाढवली, टोयोटाने काही मॉडेलांच्या सोलणाऱ्या पांढऱ्या रंगासाठी तिथे दुरुस्तीची जबाबदारी घेतली. मालकांचा निष्काळजीपणा हेच कारण असतं तर कुठल्याही कंपनीने स्वतःच्या खिशातून पैसे काढले नसते.

दुसरी गोष्ट. आपल्या रस्त्यांवर पोपडे सुटलेल्या ज्या गाड्या दिसतात त्यांतल्या कित्येकांचा कारखान्याचा लॅकर गेलेला नसतो, गॅरेजमध्ये मारलेला गेलेला असतो. एकच दरवाजा किंवा एकच मडगार्ड सोलतंय आणि बाकीची गाडी धड आहे, असं दिसलं तर तिथे पूर्वी काम झालेलं आहे हे जवळजवळ नक्की. कारणं ठरलेली असतात. बेस मारून गाडी दोन दिवस पडून राहिली आणि मग न घासता त्यावर लॅकर मारला. हार्डनर मापाच्या कपाऐवजी अंदाजाने ओतला. लॅकर पुरवायला थिनर वाढवला आणि दोन भरीव हातांऐवजी एक पातळ हात दिला. जुन्या लॅकरची तकाकी पेपर मारून मोडलीच नाही, त्यामुळे नव्याला धरायला काही मिळालं नाही. यातल्या एकाही गोष्टीत गाडी धुण्या-न धुण्याचा संबंध नाही.

आता चौथा सल्ला, आणि त्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. माल ओढायची गाडी आहे, हप्ते आहेत, डिझेल आहे, टायर आहेत. हौद्यात रोज गोण्या, क्रेट, सळया आदळतात. अशा गाडीच्या बॉनेटवर शोरूमची चमक हवी असा हट्ट मी धरणार नाही. लॅकर सुटला म्हणजे पत्रा लगेच सडतो ही भीतीही खोटी आहे. बेसखाली सरफेसर आहे, त्याखाली पहिला प्रायमर आहे, आणि गंज थोपवतो तो मुख्यतः प्रायमर. त्यामुळे पोपडे सुटलेली गाडी काही काळ तशीच वापरणं हा पूर्णपणे शहाणा निर्णय असू शकतो. पैसे नसतील तर काहीच करू नका. रबिंग करू नका, कोटिंग करू नका, तेल लावू नका. साध्या साबणाने धुवा, जमेल तेव्हा सावलीत लावा, आणि अजून धड असलेल्या पॅनेलांवर, म्हणजे दरवाजे, मागचा फाळका यांवर वर्षातून एक-दोनदा मेण लावा, कारण मेणाचा उपयोग तिथेच आहे. मात्र उघडा बेस कायमचा टिकणार नाही. तो झिजून प्रायमर दिसू लागला, आणि प्रायमरवर तांबूस ठिपके उठले, की थांबायची मुदत संपली. किनारपट्टीवर ती लवकर संपते. तिथे काचेच्या रबराभोवती आणि टपाच्या पन्हाळीत आधी पाहायला हवं, कारण खारं पाणी तिथे साचतं.

पण या सल्ल्याचं दुसरं वाक्य, पासिंगच्या आधी वरून एक हात मारून घ्या, हे मला अजिबात मान्य नाही. मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. म्हणजे नेमक्या ज्या वयात लॅकर सुटतो त्याच वयात पासिंग दरवर्षी येतं, आणि दरवर्षी घाईघाईने पोपड्यावरून रंगाचा एक हात फिरवला जातो. सुटलेल्या लॅकरवर मारलेला रंग सुटलेल्या लॅकरवरच बसतो. तो पुढच्या पावसाळ्यात सोलतो, पुन्हा एक हात बसतो, आणि तीन-चार वर्षांनी बॉनेटवर एकमेकांना न धरणाऱ्या थरांचा ढीग तयार होतो. मग कधी तरी मालक नीट काम करायचं ठरवतो तेव्हा हा सगळा ढीग पत्र्यापर्यंत खरवडण्याची मजुरी नव्या रंगाइतकीच होते. पासिंगला तपासणारा अधिकारी रंगाची चमक मोजत नाही. गाडी अखंड, गंजरहित आणि नीटनेटकी असावी एवढीच रास्त अपेक्षा असते, आणि ती पुरी करायला यापेक्षा कमी खर्चाचा रस्ता आहे.

तो रस्ता पॅनेलचा आहे. सगळी गाडी रंगवायची गरज क्वचितच असते. ऊन सरळ पडतं ते बॉनेट आणि टपावर, आणि हौद्याच्या कडेच्या वरच्या पट्टीवर. उभे दरवाजे त्याच गाडीवर अजून कित्येक वर्षं धड राहू शकतात. म्हणून जे पॅनेल गेलं तेवढंच घ्या, पण पूर्ण घ्या. डागाभोवती हातभर भाग घासून त्यावर लॅकरचा फवारा विरत नेणं हे काम दिसायला चलाख आहे. पण जिथे नवा लॅकर विरून संपतो तिथे तो सगळ्यात पातळ असतो, आणि सोलायला सुरुवात तिथूनच होते. नवा लॅकर पॅनेलच्या नैसर्गिक कडेपर्यंत, सांध्यापर्यंत गेला पाहिजे. डबीतून फवारायचा साधा लॅकर तर हार्डनरशिवायचा असतो. तो नुसता सुकतो, आतून जोडला जाऊन पक्का होत नाही, त्यावर पेट्रोल सांडलं की चिकट होतो. टपावर त्याच्या भरवशावर राहू नका.

नीट काम कसं दिसतं हे मालकाला माहीत असलं पाहिजे, कारण गॅरेजमध्ये उभं राहून पाहणाऱ्या मालकाच्या गाडीचं काम वेगळं होतं हे कुणी नाकारणार नाही. घासण्याच्या आधी पॅनेल साबणाने आणि मग मेण-तेल काढणाऱ्या द्रव्याने धुतलं गेलं पाहिजे, नाही तर पेपर तेच तेल पत्र्यावर सगळीकडे पसरवतो. सुटलेला लॅकर हवेच्या दाबाने आणि पातीने उचलून काढायचा, मग ३२० च्या आसपासच्या पेपरने उरलेला सगळा लॅकर घासून उतरवायचा. ज्या पॅनेलचा मधला भाग मेलाय त्याच्या कडेचा लॅकरही मरायच्या वाटेवर असतो, तो दयेने ठेवू नये. डोळे मिटून तळहात फिरवला तर एकही पायरी लागता कामा नये. पत्रा उघडा पडला असेल तर तिथे इपॉक्सी प्रायमर, मग सरफेसर, मग बारीक पेपर. बेसचे दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर तो निस्तेज होईपर्यंत थांबायचं. मग कंपनीने सांगितलेल्या वेळेच्या आत लॅकरचे दोन भरीव हात, हार्डनर मापाने. यात जादू काहीही नाही, सगळा खर्च घासण्याच्या तासांचा आहे. म्हणूनच स्वस्त काम म्हणजे कमी घासलेलं काम, आणि कमी घासलेलं काम सोलतं.

पैसे खरोखर तुटपुंजे असतील तर आणखी एक पर्याय आहे आणि तो सांगताना पेंटर लाजतात, कारण त्यात कौशल्य दाखवायला वाव कमी. बॉनेट आणि टपाला हार्डनरवाला एकथरी पीयू रंग मारा, गाडीच्या रंगाशी जुळणारा सॉलिड. मेटॅलिकची कणी दिसणार नाही, जवळून पाहणाऱ्याला फरक कळेल, पण सुटायला वर लॅकरच नसेल. उन्हाने तो फिका पडला तर तेव्हा रबिंग मारा, तेव्हा ते खरोखर काम करेल. काम करणाऱ्या गाडीला हा तडजोडीचा रंग शोभतो. फक्त गाडीचा मूळ रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओत नोंद करून घ्या, आरसी बुकात रंग लिहिलेला असतो.

हा वाद मी इतका लांबवला त्याला रंगापलीकडचं एक कारण आहे. लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याच्या धुक्यातून ते श्वासात गेलं की माणसाला दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही श्वास कोंडतो. कित्येक पेंटरना त्यामुळे जगात सगळीकडे धंदा सोडावा लागला आहे. नाकाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हा त्यावरचा भरवशाचा उपाय. आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये, अर्धं शटर ओढून, एखादा पंखा लावून, पंचविशीतला पोरगा रुमाल बांधून दोन्ही हात लॅकरचे मारतो. स्वस्तात करून द्या म्हणून आपण जो भाव पाडतो तो बहुतेक वेळा त्याच्या फुप्फुसातून वसूल होतो. आणि दरवर्षी सोलणारं, दरवर्षी पुन्हा मारावं लागणारं काम म्हणजे त्याला दरवर्षी पुन्हा त्या धुक्यात उभं करणं.

म्हणून गाडी रंगवायला द्याल तेव्हा भाव विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा: पॅनेल पूर्ण घासणार का, आणि फवारताना तोंडावर काय लावणार. पहिल्याचं उत्तर नाही असेल तर दुसरं गॅरेज पाहा. दुसऱ्याचं उत्तर रुमाल असेल तर मास्कचे आणि हवेच्या नळीचे पैसे बिलात धरायला सांगा, आणि ते द्या.